रॉक अल्बममध्ये खरा ऑर्केस्ट्रा घालायचाय, बेळगावात बसून जमेल का?

खडेबाजार_गिटार

नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा बँड हाय, दोन गिटार, बेस, ड्रम्स. मराठी गाणी करतोय, एक कन्नडमध्ये पण हाय. आता सहा गाण्यांचा अल्बम करायचं ठरलंय आणि आमच्या गायकाच्या डोक्यात मेटॅलिकाचा एस अँड एम, म्हणजे त्या रॉक बँडनं ऑर्केस्ट्राबरोबर केलेला अल्बम, असा काय बसलाय की दुसरं काय ऐकूनच घेत न्हाई, व्हायोलिन पायजे, चेलो पायजे, ब्रास (ट्रंपेटसारखी फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) पायजे, आणि ते पण खरी माणसं वाजवणारी, कीबोर्डवरचं स्ट्रिंग्ज नको म्हणतंय. मला पण आवडलंय खरं करायचं कसं तेच कळंना. डेमोत कीबोर्डवरनं सगळीकडं स्ट्रिंग्ज भरून बघितलं तर गिटारचा दम गेला आणि व्हायोलिन पण कुठं ऐकू येईना, नुसता गच्च आवाज.

तर रॉकवाले हे नेमकं कसं करतात? कुठले अल्बम ऐकू आणि ऐकताना कान कुठं ठेवू ते सांगा, नुसती नावं नकोत. दुसरं म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, फार तर धारवाड नायतर गोवा, एवढ्यात वाजवणारी माणसं कुठं मिळतील? आमच्यात कुणालाच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, येत न्हाई. गिटार आमी अर्धा सूर खाली लावतोय, ई फ्लॅटला, गायकाला वरचं झेपत न्हाई म्हणून, त्यानं काय फरक पडतो का? पैसे बेताचे हायत, मुंबईला जाऊन साठ माणसं बसवायची ऐपत न्हाई. आणि हो, एका गाण्यात मिरवणुकीतलं झांजपथक पण घ्यायचंय, ते आणि व्हायोलिन एका गाण्यात कसं बसवू?

निपाणीचा_ड्रमर

भावा पहिलं एक काम कर. गायकाला एस अँड एम मधलं बॅटरी आणि त्याच अल्बममधलं द कॉल ऑफ क्टुलू एकामागं एक ऐकव. बॅटरीत बँड सुसाट सुटलाय आणि मागं अख्खी सॅन फ्रान्सिस्को सिंफनी बसलीय खरं तिला तोंड घालायला फटच न्हाई, डबल बेस ड्रम चालू झाला की मागचे बिचारे नुसते घासत्यात. क्टुलूत शब्दच न्हाईत, चाल सावकाश, हॉर्न आत शिरायला जागा हाय, आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं ते उगीच न्हवं. तुझी सहा गाणी काढ, त्यातली जी जोरात पळत्यात ती सोडून दे, तिथं गिटारच वाजूदे.

आणि लै नाटकी पण नको मर्दा. किस वाल्यांनी २००३ ला मेलबर्न सिंफनीबरोबर कार्यक्रम केला त्यात ऑर्केस्ट्रावाल्यांची तोंडं पण रंगवली होती. बघायला मजा येती खरं ऐकताना गाण्यात नवीन काय घातलंय ते शोधावं लागतंय.

व्हायोलिन_टिळकवाडी

निपाणीकर दादांचं बरोबर आहे, फक्त कारण नुसता वेग नाही. डेमोत जो गच्च आवाज येतोय ना तो जागेचा प्रश्न आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, लावलेली गिटार साधारण ८० हर्ट्झपासून ५ हजार हर्ट्झपर्यंत सगळं भरून टाकते. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार १९६ हर्ट्झला, व्हायोलाची (व्हायोलिनची जरा मोठी बहीण) १३१ ला, चेलोची ६५ ला. म्हणजे तुमच्या दोन गिटार आणि सगळे स्ट्रिंग्ज सकाळच्या धारवाड बसमध्ये एकाच दारातनं चढतायत. आवाज कमी-जास्त करून हे सुटत नाही, कुणीतरी खाली उतरावं लागतं, आणि रॉक बँडमध्ये उतरायची पाळी बहुतेक वेळा गिटारवाल्याची येते. राग मानू नका.

आता सोपा उपाय. गिटारवर पूर्ण कॉर्ड धरू नका, पॉवर कॉर्ड धरा, म्हणजे फक्त सा आणि प. ग सोडून द्या. डिस्टॉर्शनमध्ये तसाही ग मिसळला की आवाज खरखरीत होतो. तो ग व्हायोलाला नाहीतर दुसऱ्या व्हायोलिनला द्या. मग बघा काय होतं, गिटार तीच वाजत राहते आणि वरनं शुद्ध ग आला की गाणं उजळतं, कोमल ग आला की अंधारतं. गाण्याचा मूड ठरवायचं काम ऑर्केस्ट्राकडं गेलं. नुसतं मागं लांबलचक सूर धरून बसवायला चार माणसं कशाला बोलवायची, तेवढं कीबोर्ड करतोच.

ऐकायचं म्हणाल तर मेटॅलिकाचं नथिंग एल्स मॅटर्स घ्या, १९९१ च्या अल्बममधलं. त्यातल्या स्ट्रिंग्ज मायकल केमेननं लिहिल्या, तोच माणूस पुढं १९९९ च्या एप्रिलमध्ये बर्कलीला एस अँड एमच्या वेळी उभा राहून सिंफनी चालवत होता. मूळ गाण्यात ऑर्केस्ट्रा मागं दबलेला आहे, पण त्याचं एलिव्हेटर व्हर्जन म्हणून एक आहे, त्यात अकॉस्टिक गिटार, गाणं आणि ऑर्केस्ट्रा एवढंच आहे. आधी ते ऐका आणि मग मूळ गाणं ऐका, दबलेल्या ओळी एकदम दिसायला लागतात. केमेन गायकाच्या चालीला चिकटून जात नाही, गायक थांबला की तो बोलतो. आधी त्यानं पिंक फ्लॉइडच्या द वॉलवर पण काम केलं होतं, रॉकवाल्यांच्या मधे कुठं शिरायचं याची त्याला सवय होती.

आणि साठ माणसांचं विसरा. बीटल्सचं एलेनॉर रिग्बी १९६६ चं आहे, त्यात आठ माणसं आहेत, चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. बीटल्सपैकी कुणी त्यात वाद्यच वाजवलेलं नाही, गिटार नाही ड्रम नाही. मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ लावले होते म्हणून गजाचा घासल्याचा आवाजसुद्धा येतो. ड्रम्स नाहीत तरी ठेका कसला आहे बघा, सगळा तुटक गजावर चाललाय.

ई फ्लॅटचं सांगते. आमच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. ई फ्लॅटच्या गाण्यात यातली एकही तार सा किंवा प म्हणून मोकळी वाजत नाही, त्यामुळं आवाजाची चमक जाते, आणि वाजवणारा नवखा असेल तर बेसूर व्हायची शक्यता वाढते. मुरलेला असेल तर काही अडत नाही. तुमच्या गायकाला खालचं बरं पडत असेल तर स्ट्रिंग्जवालं गाणं सरळ डी ला आणा, आणखी अर्धा सूर खाली, दोघंही खूश. ब्रासचं आणि क्लॅरिनेटचं मात्र उलट. ट्रंपेट, क्लॅरिनेट बी फ्लॅटची असतात, त्यांना ई फ्लॅट म्हणजे घरचं अंगण. म्हणून जी गाणी ई फ्लॅटला ठेवायचीच आहेत त्यात ब्रास घ्या.

अजून एक. आपल्याकडं बेळगाव-धारवाडात व्हायोलिन वाजवणारे बहुतेक हिंदुस्तानी नाहीतर कर्नाटकी पद्धतीचे, मी पण हिंदुस्तानीच शिकले, वेस्टर्न नंतर. आम्ही मांडी घालून बसतो, तारा सा-प ला लावतो, स्टाफ नोटेशन बहुतेकांना वाचता येत नाही, पण एकदा ऐकवलं की चाल पक्की बसते. अशा चार जणांना सेक्शनमध्ये, म्हणजे एकत्र एकच चाल वाजवणाऱ्या गटात, बसवू नका, प्रत्येकाची मींड वेगळी आणि एकसारखा गज चालवायची सवय कुणालाच नाही. त्यापेक्षा एकालाच बोलवा आणि गिटार सोलोच्या जागी मोकळं सोडा.

खडेबाजार_गिटार

ताई एक नंबर सांगिटलात. ग सोडून पॉवर कॉर्डचं काल रात्रीच करून बघितलं, कीबोर्डवरच, खरं फरक कळला. आमचा दुसरा गिटारवाला जरा नाराज हाय, म्हणतोय मग मी काय करू, बघू त्याचं.

आता अडतंय ते लिहिण्यात. गाणी आमच्या डोक्यात आणि फोनमध्ये हायत, कागदावर काय पण न्हाई. वेस्टर्न वाजवणाऱ्याला नोटेशन लागणार, ते कोण लिहिणार?

जुन्या_कॅसेटी

बाळांनो, मी खानापूरचा, साठी कधीच ओलांडली, त्यामुळं जरा लांबण लागेल.

हे रॉक आणि ऑर्केस्ट्राचं लग्न तुमच्या मेटॅलिकानं लावलेलं नाही. १९६७ साली मूडी ब्लूजनी डेज ऑफ फ्यूचर पास्ड काढला, पण त्यात खरं सांगायचं तर बँड एकीकडं आणि पीटर नाइटचा ऑर्केस्ट्रा दुसरीकडं, गाणं संपलं की ऑर्केस्ट्रा आणि ऑर्केस्ट्रा संपला की गाणं, एकमेकांच्या अंगाला फारसे लागत नाहीत. गाणी गोड आहेत, तक्रार नाही. खरी झुंज बघायची तर डीप पर्पल. २४ सप्टेंबर १९६९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, समोर उभा राहून ऑर्केस्ट्रा चालवणारा माल्कम अर्नोल्ड. कॉन्चेर्टो, म्हणजे बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीची ती मोठी रचना, लिहिला होता बँडच्या ऑर्गनवाल्यानं, जॉन लॉर्डनं. तीन भाग आहेत आणि पहिल्या भागात त्यानं दोघांना मुद्दाम एकमेकांच्या विरोधात उभं केलंय, ऑर्केस्ट्रा आपलं म्हणणं मांडतो, बँड मधेच तोडतो, पुन्हा ऑर्केस्ट्रा. एकत्र गोडीगुलाबीनं वाजवायलाच पाहिजे असं कुठं आहे? तुमच्या सहातल्या एका गाण्यात हे करून बघा, गिटार आणि व्हायोलिन एकाच वेळी वाजवूच नका, भांडू दे त्यांना. ताईंनी सांगितलेला जागेचा प्रश्नच मिटला. गंमत अशी की बँडच्या गिटारवाल्याला, रिची ब्लॅकमोरला, हे ऑर्केस्ट्रा प्रकरण फार पटलेलं नव्हतं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इन रॉक काढला, त्यात व्हायोलिनचा पत्ता नाही. म्हणजे तुमचा दुसरा गिटारवाला नाराज आहे ती परंपरा जुनीच.

आता नोटेशनचं, कारण त्याच कॉन्चेर्टोची पुढची गोष्ट त्याबद्दलच आहे. १९७० नंतर त्याची मूळ स्वरलिपी हरवली. गेलीच. जवळजवळ तीस वर्षं ते वाजवता येईना. शेवटी मार्को द गोई नावाच्या एका डच संगीतकारानं रेकॉर्ड आणि चित्रण पुन्हा पुन्हा ऐकून-बघून सगळे पार्ट परत कागदावर उतरवले, लॉर्डला नेऊन दाखवले, दोघांनी मिळून दुरुस्त केले आणि १९९९ ला त्याच हॉलमध्ये लंडन सिंफनीबरोबर पुन्हा वाजलं. तेव्हा जे लिहाल त्याच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवा.

लिहिणार कोण, तर आपल्या मुंबईच्या सिनेमासंगीतात हे काम कोण करायचं ते आठवा. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा आणि ती स्टाफवर उतरवून चाळीस-पन्नास वादकांत वाटायचं काम अरेंजरचं, आणि त्यात गोव्याची माणसं पुढं. शंकर-जयकिशनकडं सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. चाल आपली, कागद गोव्याचा, असा तो कारखाना चालायचा. आणि गोवा आपल्याला लांब आहे का? चोर्ला घाट उतरला की झालं. पणजीच्या कला अकादमीत वेस्टर्न म्युझिकचा विभाग आहे, तिथं शिकलेली पोरं-पोरी वाचतात, लिहितात, आणि अशा कामाला उत्सुक असतात. एकदा जाऊन या.

त्याहून जवळ सांगू? मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच आहे. लष्करी बँडच्या वादकांना स्टाफ नोटेशन शिकवूनच तयार करतात, पचमढीला त्यासाठी सैन्याची वेगळी संगीत शाखा आहे. निवृत्त झालेले काहीजण इथंच घर बांधून राहिलेत. ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम (जाड आवाजाचं पितळी वाद्य), हॉर्न. वेळेवर येतात, कागद ठेवला की वाजवतात, आणि ई फ्लॅटला तर हसत वाजवतील. कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरमध्ये पण चौसुरी वाचणारे सापडतील, एखाद्या गाण्यात मागं माणसांचा आवाज पाहिजे असेल तर. लग्नाच्या बँडमधल्या पोरांना पण कमी लेखू नका, क्लॅरिनेटवाला एखादा असा भेटतो की ऐकत राहावं.

जाता जाता, १९७२ साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड करून गेले होते. ते टेप अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ऐका जरूर. इकडच्या वादकांनी तिकडच्या रिफला, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या चालीला, वळण कसं दिलंय ते तुमच्या कामाचं आहे.

बंगळूरचा_शहापूरकर

मूळचा शहापूरचा, सध्या बंगळुरात साउंडचं काम करतो. वरचं सगळं भारी आहे फक्त दोन ठिकाणी माझं वेगळं मत आहे.

एक म्हणजे एस अँड एमला उगाच झोडू नका. तो लाइव्ह आहे, समोर मेटॅलिकाचे अँप आणि ड्रम्स आणि मागं व्हायोलिन, अशा ठिकाणी व्हायोलिनच्या प्रत्येक माइकमध्ये झांजा आणि स्नेअर शिरणारच, तेवढं असूनही नो लीफ क्लोव्हरची सुरुवात काय उघडते बघा. आणि ते गाणं का जमलंय? कारण ते या कार्यक्रमासाठीच नवीन केलेलं आहे, आधीच्या गाण्यावर नंतर चढवलेलं नाही. एवढा एक मुद्दा पकडला तरी तुमचा अल्बम वाचेल, म्हणजे झालेल्या गाण्यावर ऑर्केस्ट्रा ओतू नका, दोन गाणी अशी निवडा जी अजून कच्ची आहेत आणि ती ऑर्केस्ट्रा धरूनच पक्की करा.

दुसरं, कीबोर्डला इतकं तुच्छ लेखायचं कारण नाही. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही मिसळून काम चालतं. खाली सॅम्पलचा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा, मोठा सेक्शन मंद ठेवायचा आणि वर दोन-चार खरे वादक जवळनं रेकॉर्ड करून ठेवायचे, कान खऱ्या गजाला धरतो आणि मागचं पण खरंच समजतो. स्पिटफायरच्या लॅब्ज नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटचे आवाज बरे आहेत. नोटेशनला म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मिडीवर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवर, वाजवलेलं त्यात टाकलं की कागद तयार होतो, मात्र तो कागद वाजवणाऱ्या माणसाला एकदा दाखवल्याशिवाय छापू नका. मशीन असं काहीही लिहून देतं की श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही, मग ट्रंपेटवाला तुमच्याकडं बघतो आणि तुम्ही मशीनकडं.

रेकॉर्डिंगचा क्रम सांगतो. ड्रम्स आणि बेस आधी, सगळं क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर. मग गिटारचा आवाज पक्का करा, नुसतं वाजवणं नाही, टोन. त्यानंतरच वादकांना बोलवा. कारण गिटारचा टोन नंतर बदलला की सगळं गणित परत. हेडफोन बंद कपाचे द्या, नाहीतर शांत जागी क्लिकची टिकटिक माइकमध्ये येते. ट्यूनिंग आधीच बोलून घ्या, आपल्या गिटारचे ट्यूनर ए चा सूर ४४० हर्ट्झवर धरतात, युरोपात बरेच ऑर्केस्ट्रा ४४२ ला लावतात, चर्चचा पियानो जिथं असेल तिथं असतो.

स्टुडिओच्या कापसाच्या खोलीत स्ट्रिंग्ज घेऊ नका, आवाज मरतो. उंच छताचा एखादा हॉल बघा, शाळेचा म्हणा चर्चचा म्हणा, रात्री उशिरा, पंखे बंद. पावसाळ्यात मात्र पत्र्याचा हॉल नको, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे.

मोठा आवाज पाहिजेच असेल तर एक रस्ता सगळे वापरतात, तेच वादक तेच परत वाजवतात आणि थर चढवायचे. बीटल्सच्या अ डे इन द लाइफमध्ये १९६७ ला चाळीस वादक होते आणि त्यांचं तेच अनेकदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवलं. चौघांना घेऊन चार थर केले की सोळा.

व्हायोलिन_टिळकवाडी

शहापूरकर, सोळा होत नाहीत हो. तोच हात, तेच व्हायोलिन, तोच माइक, असे चार थर ठेवले की सेक्शन ऐकू येत नाही, एकाच व्हायोलिनला इफेक्ट लावल्यासारखं गुळगुळीत ऐकू येतं. बीटल्सकडं मुळात चाळीस वेगवेगळी माणसं होती, आणि त्या चोवीस बारच्या चढणीत प्रत्येकानं आपापल्या वेगानं खालच्या सुरापासून वर जायचं होतं, शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचं नाही अशी सूचना होती. तिथं थर चालतात. आपल्याला नीट एकसूर सेक्शन पाहिजे.

थर करायचेच तर प्रत्येक वेळी वादकांच्या जागा बदला, शक्य झालं तर वाद्यं अदलाबदल करा, माइक लांब न्या, आणि दुसऱ्या थराला पहिल्या व्हायोलिनवाल्याला दुसऱ्याचा पार्ट द्या. आणि दोनाच्या वर जाऊ नका.

बंगळूरचा_शहापूरकर

ताई मान्य, जागा बदलायचं राहिलं सांगायचं. दोन-तीन थर ठीक. चेलोला मात्र तीन पण चालतात असं माझं मत, खालच्या सुरात ते गुळगुळीतपण एवढं जाणवत नाही.

परदेशी ऑर्केस्ट्राबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. बुडापेस्ट, प्राग, स्कोप्ये इथले ऑर्केस्ट्रा ऑनलाइन सेशन देतात, तुम्ही घरी बसून ऐकता आणि ते तिकडं वाजवतात. इलयराजांनी २००५ च्या तिरुवासगमसाठी बुडापेस्टचाच ऑर्केस्ट्रा घेतला होता. आपल्या अजय-अतुलनी सैराटच्या वेळी सरळ लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर जाऊन स्ट्रिंग्ज वाजवून घेतल्या, ते ऐकताना बघा, ताशा-ढोलकीच्या अंगाचं गाणं आणि वर सिंफनी, आणि तरी दोघं एकमेकांना दाबत नाहीत. पण सेशनचा दर तासावर असतो आणि तासात जितकी मिनिटं वाजवून होतात ती कागद किती स्वच्छ आहे त्यावर ठरतं. नोटेशन कच्चं असताना तिकडं जाल तर पैसे जातील आणि हातात काही येणार नाही. पहिल्या अल्बमला नकोच.

निपाणीचा_ड्रमर

झांजपथकाचं कुणी बोललंच न्हाई म्हणून मी बोलतो. भावा झांज आणि व्हायोलिनचे वरचे सूर, दोन्ही एकाच जागी चमकत्यात. झांज चालू असताना वर व्हायोलिन ठेवलं की ते गेलंच समज. तिथं ब्रास घे, युफोनियम, ट्रंपेटचा खालचा पट्टा, न्हाईतर चेलो. आणि झांज थांबल्या की एक सेकंद काय पण ठेवू नको आणि मग व्हायोलिन आण, लोकांच्या अंगावर काटा येतोय बघ.

दुसरं म्हणजे पथकाला क्लिक देऊ नको. हेडफोन घालून झांज वाजवणारा पोरगा मी तर अजून बघितला न्हाई. मिरवणुकीत रात्र चढल तसा ठेका पण चढतोय, त्यातच त्याची मजा हाय. पथकाचं रेकॉर्डिंग सगळ्यात आधी कर, उघड्या मैदानात, माइक लांब ठेवून. नंतर कॉम्प्युटरवर त्यांच्या ठेक्यावरनं क्लिक बनव, ते जिथं पळाले तिथं क्लिक पण पळंल. मग आमच्यासारख्यांनी त्यावर ड्रम्स वाजवायचे. उलटं करायला जाशील तर पथक क्लिकवर अडखळतंय आणि सगळं शाळेच्या संचलनासारखं ऐकू येतंय.

मिरवणुकीतलंच थेट रेकॉर्ड करू नको मात्र, चारी बाजूनं दुसऱ्या मंडळांचे डॉल्बी शिरत्यात.

खडेबाजार_गिटार

सगळ्यांना मनापासनं थँक्यू. काल आमची बैठक झाली. ठरलंय असं की सहातल्या चार गाण्यांत ऑर्केस्ट्रा नकोच. एक सावकाश गाणं डी ला आणायचं, त्यात चार स्ट्रिंग्ज, आणि गिटार सोलो काढून तिथं एक हिंदुस्तानी व्हायोलिन, आमच्या ओळखीत शहापुरातले एक सर हायत त्यांना विचारणार. झांजपथकवालं ई फ्लॅटला तसंच ठेवायचं आणि त्यात निवृत्त बँडवाले काका बघायचे, आमच्या बेसिस्टच्या गल्लीतच एक युफोनियमवाले निघाले, आमाला पत्ताच नव्हता. गायक आधी तोंड वाकडं करून बसला खरं त्याला क्टुलू आणि बॅटरी ऐकवलं, गप झाला. दुसऱ्या गिटारवाल्याला डीप पर्पलची गोष्ट सांगिटली, तो आता ब्लॅकमोर झालाय, आणखी डोक्याला ताप.

एक शेवटचं विचारतो. पैशाचं बोलणं कसं करायचं, तासावर की गाण्यावर? आणि वयानं मोठी माणसं हायत, सरांना किती घेणार असं तोंडावर कसं विचारायचं.

जुन्या_कॅसेटी

तोंडावरच विचारायचं, आणि पहिल्याच भेटीत. सर म्हणून पाया पडा आणि मग मानधनाचं बोला, त्यात अपमान काही नाही. अपमान होतो तो वाजवून झाल्यावर बघू म्हणण्यात. अशा कामाला एका बैठकीचा आकडा ठरवतात, बैठक किती तासांची ते पण तेव्हाच ठरवा, आणि जाण्या-येण्याचं आणि जेवणाचं वेगळं. अल्बमवर प्रत्येकाचं नाव वाद्यासकट छापणार हे सांगा, आणि गाणं पुढं कुठल्या जाहिरातीत किंवा सिनेमात गेलं तर काय ते पण एका साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. गोव्याहून कुणी येणार असेल तर पार्ट आठवडाभर आधी पाठवा.

व्हायोलिन_टिळकवाडी

आणि पार्ट छापताना अक्षर मोठं ठेवा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार नंबर घाला, पान उलटायची वेळ विश्रांतीच्या जागी येईल असं बघा. युफोनियमवाल्या काकांना विचारून घ्या ते बास क्लेफ वाचतात की ट्रेबल (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते ठरवणारी खूण), बँडमध्ये दोन्ही प्रकारचे असतात आणि कागद चुकीचा गेला तर बैठकीतला पहिला तास त्यातच जाईल. डी ची डेमो झाली की मला पाठवा, व्हायोलाचा पार्ट मी बघून देते. व्हायोला वाजवणारं मात्र बेळगावात मिळणं अवघड आहे, नाहीच मिळालं तर तो पार्ट तिसऱ्या व्हायोलिनला द्या, फक्त १९६ हर्ट्झच्या खाली एकही सूर जाणार नाही हे बघून घ्या.